प्रोटॉनचा बाण आणि उंदराची साक्ष

परप्रांती राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांच्या घरी कर्करोगाचे नाव निघाले की पाठोपाठ परळचे नाव निघतेच. मग ते घर कानपूरच्या रेल्वे वसाहतीत असो, दिल्लीच्या सरकारी निवासांत असो, की कलकत्त्याच्या भाड्याच्या जागेत असो. रजेचा अर्ज, आगगाडीची तिकिटे, दादर-परळला कोणाकडे उतरावयाचे याची चौकशी आणि तपासणीच्या कागदांची पिशवी, हा प्रवास आमच्यापैकी अनेक कुटुंबांनी केलेला आहे. अलीकडे या प्रवासाच्या बोलण्यात एका नव्या शब्दाची भर पडली आहे. डॉक्टर 'किरण द्यावे लागतील' असे म्हणाले की घरातील एखादा तरुण हटकून विचारतो, "साधे किरण, की प्रोटॉनचे?"

प्रश्न अनाठायी नाही. २०१९ च्या जानेवारीत चेन्नई येथे एका खासगी रुग्णालयाने प्रोटॉन-उपचाराचे केंद्र उघडले, आणि २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत पहिल्या रुग्णावर असा उपचार झाला. वर्तमानपत्रांनी या यंत्रांचे वर्णन 'अत्याधुनिक' या विशेषणाने केले. परंतु ज्या कल्पनेवर ही यंत्रे उभी आहेत ती १९४६ सालची आहे. कल्पना आणि खारघरचा पहिला रुग्ण यांच्यामध्ये सत्त्याहत्तर वर्षांचे अंतर पडले. एवढा विलंब का झाला, याचे सर्वांस ठाऊक असलेले उत्तर असे की, यंत्र अवाढव्य आणि खर्च अफाट. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर उंदीर, ससे, शेळ्या आणि मांजरे यांच्यापाशी आहे. तेच आज वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

१८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्यानंतर अल्पकाळातच वैद्यांनी ते किरण कर्करोगाच्या गाठींवर योजून पाहिले. या किरणांचा एक स्वाभाविक दोष आहे. ते शरीरात शिरतात तेव्हा कातडीजवळ त्यांचा जोर अधिक असतो. खोल जाताना तो उणावत जातो. आणि गाठीपर्यंत पोहोचल्यावरही ते थांबत नाहीत, पलीकडच्या निरोगी भागातून आरपार निघून जातात. म्हणजे दंड द्यावयाचा एकाला, आणि त्याचा मोठा वाटा भोगावयाचा शेजाऱ्यांनी. अनेक दिशांनी थोडे थोडे किरण सोडून हा अन्याय वाटून देता येतो. पुरता टाळता येत नाही.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे विल्यम हेन्री ब्रॅग यांनी १९०४ च्या सुमारास रेडियममधून निघणाऱ्या अल्फा कणांचा अभ्यास करताना एक विलक्षण गोष्ट पाहिली. हे कण आपल्या वाटेच्या आरंभी थोडी ऊर्जा टाकतात आणि अगदी अखेरीस, थांबण्यापूर्वी, पुष्कळ टाकतात. घाईने चाललेला वाटसरू वाटेत कोणाशी दोन शब्द बोलत नाही. पाय थकले की मात्र तो प्रत्येक ओट्यावर टेकतो. विद्युत्भार असलेल्या जड कणांची रीत काहीशी अशीच आहे. वेग मंदावला की प्रत्येक अणूच्या सान्निध्यात ते अधिक काळ राहतात, अधिक ऊर्जा देतात, आणि मग थांबतात. पलीकडे जवळजवळ काही जात नाही. आलेख काढला तर शेवटी एक उंच शिखर दिसते. त्यास ब्रॅग यांचे नाव मिळाले.

या शिखराचा उपयोग वैद्यकात करता येईल, हे प्रथम स्पष्टपणे मांडले रॉबर्ट विल्सन यांनी. हे लॉरेन्स यांच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत शिकलेले पदार्थशास्त्रज्ञ. युद्धकाळात लॉस ॲलामॉस येथे अणुबाँबच्या कामात त्यांनी महत्त्वाची जबाबदारी वाहिली होती. युद्ध संपल्यावर हार्वर्डसाठी नवे सायक्लोट्रॉन यंत्र आखताना, त्यातून सुटणाऱ्या प्रोटॉनांपासून माणसांचे रक्षण करण्यास किती जाडीची भिंत लागेल याचा हिशेब ते करीत होते. प्रोटॉन पदार्थात कोठवर जातो हे काढता काढता, तो माणसाच्या शरीरात कोठवर जाईल हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. १९४६ मध्ये 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकात त्यांचा अवघ्या चार-पाच पानांचा लेख आला. १२५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन शरीरात १२ सेंटिमीटर आणि २०० दशलक्षांचा २७ सेंटिमीटर जाईल. ऊर्जा बदलून तो हव्या त्या खोलीवर थांबविता येईल. आणि कमीजास्त जाडीचे फिरते चक्र मध्ये ठेवले तर ते टोकदार शिखर गाठीच्या रुंदीएवढे पसरविता येईल. आजच्या उपचाराचा सारा आराखडा या पानांत आहे.

मग अडले कोठे? पदार्थशास्त्राचे समीकरण ऊर्जा कोठे पडेल एवढे सांगते. पडलेल्या ऊर्जेचे जिवंत पेशी काय करील, ती मरेल, जखमी होईल, की रातोरात आपली डागडुजी करून सकाळी कामाला लागेल, हे त्या समीकरणात नसते. ते पेशीलाच विचारावे लागते. आणि न विचारता पुढे गेल्यास काय होते याचा धडा विल्सन यांचा लेख येण्यापूर्वीच बर्कली येथे गिरविला गेला होता. म्हणून थोडे मागे जाणे भाग आहे.

अर्नेस्ट लॉरेन्स यांनी १९३०-३१ मध्ये सायक्लोट्रॉन सिद्ध केले. त्यांचे धाकटे बंधू जॉन हे वैद्य. १९३५ च्या सुमारास जॉन बर्कलीला आले आणि या यंत्रातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांचा प्राण्यांवर काय परिणाम होतो ते पाहू लागले. पहिल्याच प्रयोगांपैकी एकाची हकीकत त्या प्रयोगशाळेत पुढे पुष्कळ दिवस सांगितली जाई. एका उंदरास धातूच्या नळकांड्यात घालून यंत्राजवळ ठेवले. थोडाच वेळ किरण सोडले आणि उघडून पाहतात तो उंदीर मेलेला! मंडळी हादरली, यंत्राभोवतीचा बंदोबस्त तातडीने वाढविण्यात आला. मागाहून असे उमगले की उंदीर न्यूट्रॉनांनी मेला नव्हता. नळकांड्यात हवा खेळत नसल्याने तो गुदमरला होता. सावधगिरी वाढली हे उत्तमच झाले, पण साक्षीदाराने सांगितले एक आणि ऐकणाऱ्यांनी समजून घेतले दुसरे. प्राण्यांवरील संशोधनाचा हा आद्य धोका आजही टळलेला नाही.

याच सुमारास लॉरेन्स बंधूंच्या आईस कर्करोग झाला. सॅन फ्रान्सिस्को येथे डॉ. रॉबर्ट स्टोन यांनी त्यांना शक्तिमान क्ष-किरण दिले, आणि थोड्याच महिन्यांच्या सोबती मानल्या गेलेल्या त्या बाई पुढे अनेक वर्षे जगल्या. किरणांवर त्या घराण्याची श्रद्धा बसली यात नवल ते काय? १९३८ मध्ये स्टोन यांनी सायक्लोट्रॉनच्या न्यूट्रॉनांनी माणसांवर उपचार सुरू केले. मेघनाद साहांच्या प्रेरणेने आमच्या देशातील नागचौधुरी हे तरुण शास्त्रज्ञ त्याच वर्षी लॉरेन्स यांच्याकडे शिकावयास गेले होते. तेव्हा बर्कलीतील त्या उत्साहाचे वारे हिंदुस्थानापर्यंतही पोहोचले होते असे म्हणावयास हरकत नाही.

१९४३ पर्यंत सुमारे अडीचशे रुग्णांस न्यूट्रॉन देण्यात आले. मग युद्धाच्या कामासाठी यंत्र काढून घेतले गेले. काही गाठी नाहीशा झाल्या होत्या आणि आरंभी कातडीवर दिसलेला परिणाम अपेक्षेबाहेरचा नव्हता. पण वर्षे लोटली तसतसे जे रुग्ण जगले होते त्यांच्या शरीरात दुसरेच काही दिसू लागले. मांस कठीण झाले, कातडी सुकली, जखमा भरेनात. १९४७ मधील एका व्याख्यानात स्टोन यांनी स्वतःच्या कामाचा निवाडा स्वतःच दिला: काही थोड्या चांगल्या परिणामांच्या मानाने उशिरा उद्भवणारे अपाय इतके भयंकर आहेत की हा उपचार पुढे चालवू नये. आपली चूक एवढ्या स्पष्टपणे नोंदवून ठेवणारे वैद्य विरळा.

चूक कोणती, हे उलगडावयास मात्र आणखी चोवीस वर्षे लागली. स्टोन यांनी प्राण्यांवरील प्रयोग केले नव्हते असे नाही. न्यूट्रॉन क्ष-किरणांपेक्षा किती पट प्रभावी, हे प्रमाण काढूनच मात्रा ठरविलेली होती. पण ते प्रमाण एकदाच दिलेल्या मोठ्या मात्रेवरून काढलेले होते. रुग्णांस मात्र किरण लहान लहान हप्त्यांनी देण्यात आले. १९५६ मध्ये पक व मार्कस यांनी मानवी कर्करोगाच्या 'हेला' पेशी काचेच्या बशीत वाढवून, वाढत्या मात्रेबरोबर किती पेशी जगतात याचा पहिला आलेख काढला. १९५९ मध्ये एल्काइंड व सटन यांनी दाखविले की क्ष-किरणांच्या दोन हप्त्यांमधल्या वेळात पेशी आपली दुरुस्ती करून घेते. न्यूट्रॉनांच्या घावानंतर ही दुरुस्ती तिला फारशी साधत नाही. अर्थात हप्ता जितका लहान तितके न्यूट्रॉनांचे प्रमाण अधिक भारी! १९७१ मध्ये जुने सर्व आकडे पुन्हा तपासले गेले तेव्हा निष्पन्न झाले ते हे, की स्टोन यांच्या अनेक रुग्णांना त्यांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक मात्रा पोहोचली होती. प्रश्न विचारला होता, उत्तरही खरे आले होते. फक्त प्रश्न चुकीचा होता.

प्रोटॉनांचे युग सुरू झाले ते या घटनेच्या छायेत. १९४६ मध्ये बर्कलीचे १८४ इंची यंत्र चालू झाले. तेथे कॉर्नेलियस टोबायस व जॉन लॉरेन्स यांनी विल्सन यांची कल्पना हाती घेतली, पण या वेळी घाई केली नाही. सहा वर्षांच्या आसपास त्यांनी प्राण्यांवर काम केले. उंदरिणींच्या स्तनातील गाठी पाहिल्या. उंदरांच्या मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याहून लहान पोषग्रंथी बारीक किरणाने नष्ट करता येते काय, हे पाहिले. अशी ग्रंथी गेली की पिलाची वाढ खुंटते. म्हणजे किरण अचूक लागला की नाही याची साक्ष उंदराचे वजनच देत असते. इतके झाल्यावर १९५४ मध्ये, ज्यांचा स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरला होता अशा स्त्रियांच्या पोषग्रंथीवर प्रोटॉन सोडण्यात आले. ग्रंथीचे स्राव बंद पडले तर त्यावर पोसणारा रोगही मंदावेल, असा तो विचार होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या शिखरासाठी हा सारा खटाटोप, ते शिखर त्या पहिल्या रुग्णांच्या बाबतीत वापरलेच गेले नाही. ३४० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रोटॉन डोक्यातून आरपार जाऊ दिले आणि निरनिराळ्या दिशांनी ते ग्रंथीवर एकवटले. कारण प्रोटॉन नेमका कोठे थांबेल याची खात्री नव्हती. कवटीचे हाड किती जाड, मधला भाग किती दाट, हे जिवंत माणसाच्या बाबतीत मिलिमीटरपर्यंत सांगणारे साधन तेव्हा नव्हते. ब्रह्मास्त्र हाती असून ते भात्यात ठेवण्याचा हा संयम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

स्वीडनमधील उप्साला येथे १८५ दशलक्षांच्या यंत्रावर लार्सन, लेक्सेल व त्यांचे सहकारी याच वाटेने गेले. त्यांनी ससे व शेळ्या यांच्या मेंदूत व मज्जारज्जूत सुरीने रेघ ओढावी तसा बारीक प्रोटॉनशलाकेचा छेद घेऊन पाहिला. छेद ताबडतोब दिसत नसे. तो दिवसांनी, आठवड्यांनी उमटे. म्हणून प्राणी पाळावे लागत आणि वाट पाहावी लागे. १९५७ मध्ये तेथे पहिल्या रुग्णावर उपचार झाला. हार्वर्ड येथे १९६१ पासून केलबर्ग या मेंदूच्या शल्यवैद्यांनी १६० दशलक्षांचे प्रोटॉन वापरावयास आरंभ केला. तेथेच १९७४ पासून हर्मन सूट, मायकेल गॉइटीन आदींनी हप्त्याहप्त्याने प्रोटॉन देऊन गाठींचा उपचार पद्धतशीर सुरू केला, आणि १९७५ मध्ये डोळ्याच्या आतील कर्करोगावर प्रोटॉन योजले गेले. त्यापूर्वी माकडांच्या डोळ्यांवर प्रयोग करून कोणता भाग किती सोसतो हे पाहून घेतले होते. आज अनेक माणसांचा डोळा न काढता रोग आटोक्यात येतो, त्यामागे त्या मुक्या जीवांचे डोळे आहेत. याचे स्मरण ठेवणे हे निदान आमचे कर्तव्य आहे.

आता या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या आकड्याकडे वळू. स्टोन यांच्या अनुभवानंतर प्रत्येकास एकच प्रश्न पडे: प्रोटॉनांची एक मात्रा क्ष-किरणांच्या किती मात्रेबरोबर? या प्रमाणास सापेक्ष जैविक परिणामकता म्हणतात. १९७० व १९८० च्या दशकांत हार्वर्ड येथे व अन्यत्र उंदरांची कातडी, आतडी, फुफ्फुसे आणि गाठी यांवर मोजमापे झाली. बहुतेक उत्तरे एकाच्या किंचित वर आली, आणि व्यवहारासाठी १.१ हा आकडा स्वीकारला गेला. म्हणजे प्रोटॉन क्ष-किरणांहून दहा टक्के अधिक प्रभावी. शरीरातील प्रत्येक अवयवासाठी, प्रत्येक खोलीवर, प्रत्येक रुग्णास हाच आकडा. २००७ मध्ये मापनविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाच्या अहवालानेही तोच पुढे शिफारशीत घेतला.

कचेरीत काम करणाऱ्या वाचकांस ही रीत अपरिचित वाटणार नाही. एखादी रक्कम 'तूर्त' म्हणून मंजूर होते. पुढील वर्षी मागील टिपणीच्या आधारे तीच चालू राहते. दहा वर्षांनी मूळ टिपणी लिहिणारा निवृत्त झालेला असतो आणि आकडा मात्र फाइलीत ठाण मांडून बसतो. १.१ हा आकडा निष्काळजीपणाने ठरविलेला नव्हता. तो सरासरीशी जुळणारा आहे, आणि तो लहान ठेवल्यामुळे गाठीस मात्रा कमी पडण्याचे भय राहात नाही. पण सरासरी ही सरासरीच. हाराल्ड पागानेट्टी यांनी २०१४ मध्ये उपलब्ध मोजमापांचा, मुख्यतः बशीतील पेशींवरील प्रयोगांचा, आढावा घेतला. दोन ग्रेच्या नेहमीच्या हप्त्यास हे प्रमाण शिरताना सुमारे १.१, पसरलेल्या शिखराच्या मध्यावर १.१५, दूरच्या काठावर १.३५, आणि काठापलीकडे जेथे मात्रा घसरत जाते तेथे १.७ पर्यंत जाते, असे त्यांस आढळले. थकलेला वाटसरू शेवटच्या ओट्यावर सर्वांत अधिक वेळ बसतो हेच यातून दिसते.

काठापलीकडे काय असते? पुष्कळदा तेथेच ज्यास वाचवावयाचे तो अवयव असतो: मेंदूचा देठ, मज्जारज्जू, डोळ्याची नस. आणि तो काठ कोठे पडेल हेही पुरते निश्चित नसते. शरीराच्या छायाचित्रावरून दाटपणा काढून प्रोटॉनची वाट ठरवितात. त्यात खोलीच्या साडेतीन टक्के आणि वर एक मिलिमीटर, एवढी चूक गृहीत धरण्याचा परिपाठ अनेक ठिकाणी आहे. वीस सेंटिमीटर खोलीवर हे आठ मिलिमीटर झाले. म्हणून जाणते वैद्य 'नाजूक अवयवाच्या अलीकडेच थांब' असे प्रोटॉनला सहसा सांगत नाहीत. ते बाजूने येतात. विल्सन यांनी दाखविलेला सर्वांत मोठा गुण असा हात राखून वापरावा लागतो. हात मोकळा करावयाचा तर काठावरची खरी परिणामकता जिवंत प्राण्यात, अवयवागणिक, मोजली पाहिजे.

आणि येथेच आजच्या संशोधकांची खरी अडचण सुरू होते. यंत्रे बांधली गेली ती माणसाच्या मापाने. त्यांतील प्रोटॉनांची सर्वांत कमी ऊर्जा बहुधा सत्तर दशलक्षांच्या आसपास असते, आणि तेवढ्यानेही ते पाण्यात चार सेंटिमीटर जातात. उंदराचे अंग दोन-तीन सेंटिमीटरांचे. बाण त्याच्या पलीकडे जाऊन पडतो! मध्ये प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून वेग कमी करावा, तर शलाका पसरते आणि तिची धार जाते. उंदराच्या डोक्यात गाठ, मध्य आणि काठ हे सारे एका सेंटिमीटरच्या आत येते. माणसाच्या मेंदूत ज्यास क्षुल्लक म्हणू ती एका मिलिमीटरची चूक तेथे साक्षच पालटून टाकते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये छायाचित्राच्या आधारे उंदराच्या मेंदूच्या एका लहानशा भागातच प्रोटॉन थांबविण्याची रीत सिद्ध केली. एवढ्याशा जागेसाठी केवढी ही योजना, असे ती वाचताना मनात येते.

अडचणी एवढ्याच नाहीत. माणसास सहा-सात आठवडे रोज किरण देतात. उंदरास रोज बेशुद्ध करून तितके दिवस ते देणे कठीण, म्हणून प्रयोग थोड्या मोठ्या मात्रांवर आटोपतात, आणि स्टोन यांची चूक दारात उभी राहते. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. लहानपणी किरण घेतलेल्या मुलास जो अपाय वीस वर्षांनी व्हावयाचा त्याची साक्ष तो कशी देणार? मानवी गाठ उंदरात वाढवावयाची तर ती नाकारणार नाही असा, म्हणजे रोगप्रतिकाराची शक्ती नसलेला, उंदीर घ्यावा लागतो. आणि किरणांनंतर गाठ निपटून काढण्यात त्या शक्तीचाच वाटा असतो. शिवाय यंत्र रुग्णांसाठी असते, आणि ते योग्यच आहे. दिवस संपला, शेवटचा रुग्ण घरी गेला, की रात्री अथवा सुटीच्या दिवशी संशोधकांस पिंजरे घेऊन आत जाता येते. या विद्येचे पुष्कळसे काम असे रात्रपाळीत झालेले आहे.

हा सर्व जुना इतिहास आज पुन्हा निकडीचा झाला आहे, त्यास कारण घडले एका नव्या शोधाचे. २०१४ मध्ये फ्रान्समधील क्यूरी संस्थेच्या फावोदों प्रभृतींनी उंदरांच्या छातीवर इलेक्ट्रॉनांची सारी मात्रा अर्ध्या सेकंदाच्या आत, सेकंदास चाळीस ग्रे किंवा त्याहून अधिक वेगाने, दिली. गाठीवर परिणाम नेहमीसारखाच झाला. निरोगी फुफ्फुस मात्र पुष्कळसे वाचले. या रीतीस 'फ्लॅश' असे नाव पडले. प्रोटॉन यंत्रांतून असा वेग साधता येतो हे दिसताच जगभर धावपळ उडाली. २०२० मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे पहिली मानवी चाचणी सुरू झाली. हातापायांच्या हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेसाठी दहा रुग्णांस आठ ग्रेची एकच मात्रा दिली गेली, आणि काही विशेष अपाय आढळला नाही. त्या चाचणीतही शिखर वापरले नव्हते. प्रोटॉन आरपार जाऊ दिले होते. सहासष्ट वर्षांनी बर्कलीचाच संयम पुन्हा पाळला गेला.

त्याची गरज होती, हे दुसऱ्या एका हकीकतीवरून कळते. उंदरांनंतर मोठ्या प्राण्यांकडे वळावे म्हणून युरोपातील संशोधकांनी नाकाच्या शेंड्यावर आपसूक कर्करोग झालेल्या पाळीव मांजरांवर ही रीत वापरली. इलेक्ट्रॉनांची एकच मोठी मात्रा एका गटास, आणि नेहमीच्या पद्धतीने हप्ते दुसऱ्यास. आरंभी सारे उत्तम दिसले. मग नऊ ते पंधरा महिन्यांनी पहिल्या गटातील सात मांजरांपैकी तिघांच्या वरच्या जबड्याचे हाड मृत होऊ लागले. दुसऱ्या गटातील नऊपैकी एकासही तसे झाले नाही. प्रयोग थांबविण्यात आला, आणि २०२२ मध्ये सर्व हकीकत प्रसिद्ध करण्यात आली. एकच मोठी मात्रा आणि उशिरा उमटणारा घाव! १९४७ चे स्टोन यांचे व्याख्यान ज्याने वाचले असेल त्यास येथे क्षणभर थांबावेसे वाटेल. फ्लॅशची कल्पना यामुळे खोटी ठरत नाही. पहिल्या महिन्यांचे यश पाहून निकाल देऊ नये एवढेच ठरते. आणि या वेळी ते मांजरांनी सांगितले, अडीचशे माणसांना सांगावे लागले नाही.

या कथेचा एक धागा आमच्या परळपर्यंत येतो. १९५२ मध्ये तेथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले ते वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या कमल रणदिवे, या मूळच्या पुण्याच्या, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील ज्या प्रयोगशाळेत हेला पेशी प्रथम वाढविल्या गेल्या तेथे शिकून परत आल्या, आणि शरीराबाहेर पेशी वाढविण्याची देशातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी परळला उभी केली. रोग्याच्या खाटेपासून दूर, बश्या आणि पिंजरे यांच्या सहवासात या मंडळींची वर्षे गेली. त्यांचे नाव पेढ्यांच्या पुड्यासह घेणारा कृतज्ञ रुग्ण सहसा भेटत नाही. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा स्मारक केंद्र झाले, आणि २००२ मध्ये संशोधनाचे बिऱ्हाड खारघरला हलले. ज्या परिसरात आज प्रोटॉनचे यंत्र चालते तेथेच उंदीर व पेशी यांच्या प्रयोगशाळाही आहेत. हा शेजार हीच त्या केंद्राची मोठी ठेव आहे, असे आम्हांस वाटते.

तेव्हा घरातील त्या तरुणाच्या प्रश्नास काय उत्तर द्यावे? काही रोगांपुरते उत्तर मिळालेले आहे. मुलाच्या मेंदूतील गाठीसाठी साऱ्या पाठकण्यास किरण द्यावयाचे असतील, तर प्रोटॉन कण्यापाशी थांबतात आणि पुढचे हृदय, फुफ्फुसे, आतडी वाचतात. कवटीच्या तळाशी असलेल्या काही गाठी, डोळ्याच्या आतील कर्करोग, यांतही त्यांचा लाभ मान्य झालेला आहे. इतर अनेक रोगांत साधे किरण तितकेच चांगले असू शकतात, आणि त्यासाठी कोणी घर गहाण टाकू नये. डॉक्टर जर म्हणाले की तुमच्या रोग्यास प्रोटॉनची गरज नाही, तर तो नकार कंजुषीचा समजू नये. पुष्कळदा तो शहाणपणाचा असतो.

आणि डॉक्टर जर म्हणाले की याविषयी अजून पुरते ठाऊक नाही, तर त्यांच्यावर रागावू नये. त्या एका वाक्यामागे स्टोन यांची कबुली आहे, बर्कलीची सहा वर्षे आहेत, आणि कोठेतरी रात्री अकरा वाजता, शेवटचा रुग्ण गेल्यावर, उंदराचा पिंजरा घेऊन यंत्राच्या खोलीत शिरणारे कोणी आहे. त्या उंदराची साक्ष पुरी व्हावयास दीड-दोन वर्षे लागतील. तोवर वाट पाहणे हाही उपचाराचाच भाग आहे.